साताऱ्याच्या स्टँडवर उघडलेला खोका

दाजी, तुम्ही परत माझा खोका उघडलात.

निदान गेल्यावर तरी माणसानं दुसऱ्याच्या कामात हात घालू नये. तुमचा दहावा उरकून मी सांगलीला परत आलो, कॉलेजात तास घेतले आणि घरी येतो तर दारात मुंबईहून आलेलं पार्सल. आत कॉम्प्युटरनं छापलेल्या कागदांची जाडजूड घडी. पहिली चार पानं चाळली आणि मी घरात ओरडलो, "ह्या माणसाला सांगायचं तरी किती वेळा?" बायको हातातलं काम टाकून बाहेर आली. तिला वाटलं, पोरांनी काही फोडलं. मी तिच्यापुढं कागद नाचवले आणि म्हणालो, बघ, दाजींनी परत माझी कार्डं काढली. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग मला आठवलं की तुम्ही आता कुणाचं ऐकून घ्यायला उरला नाहीत. मी खाली बसलो.

तुमच्या शोकसभेत साताऱ्यात सगळे काय काय बोलले ते मी ऐकलं. कॅप्टनसाहेब शिस्तीचे, कॅप्टनसाहेब वेळेचे पक्के, फौज सोडून आल्यावर कॉलेजात फिजिक्स शिकवताना कधी पोरांवर पट्टा उगारला नाही. सगळं खरं असेल. पण तुमच्या बायकोचा भाऊ म्हणून आणि तुमच्यासोबत ह्या कामात फरफटत गेलेला गणिताचा मास्तर म्हणून मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की इतका हट्टी माणूस माण तालुक्यात दुसरा झाला नाही. सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. आता तर सुंभही जळला, आणि पीळ इथं माझ्या टेबलावर येऊन पडला आहे.

हे सगळं सुरू झालं भाऊबीजेला. मी आक्काकडं ओवाळून घ्यायला आलो होतो. ताटावर बसलो, करंजी मोडली, आणि तुम्ही ताटाच्या शेजारी एक कागद सरकवलात. त्यावर दोन समीकरणं होती. म्हणालात, "मास्तर, हे सोडवून दाव." मी जेवता जेवता पाहिलं आणि सांगितलं की हे हातानं सुटणार नाही. तुम्ही इतके खूश झालात की आक्कानं वाढलेला भात तसाच राहिला. हातानं सुटणार नाही असंच काहीतरी तुम्हाला हवं होतं.

मग तुम्ही मला तो डायोड समजावलात. सिलिकॉनचा तुकडा, तांदळाच्या कणीएवढा. त्यातून वीज सोडली की त्याच्या मधल्या भागात भार गोळा होतो आणि तो वाट मोकळी करून देतो. वीज तोडली की तो भार बाहेर निघून जावा लागतो, तेव्हा वाट बंद. पण भार काही लगेच निघत नाही. फौजेच्या सिग्नल्समध्ये असताना तुम्ही रडारच्या लोकांबरोबर राहिला होतात, तिथून हे खूळ तुमच्या डोक्यात शिरलं होतं. रडार ज्या अँटेनातून हाक मारतं, त्याच अँटेनातून ऐकतं. हाक मारताना त्याचे कान झाकावे लागतात, नाहीतर स्वतःच्याच आवाजानं ते फुटतील. कान झाकायचं आणि उघडायचं काम हा डायोड स्विचसारखा करतो. तो मोकळा व्हायला रेंगाळला, तर जवळून लगेच परत आलेली हाक हुकते; लांबचं विमान दिसतं आणि जवळ आलेलं दिसत नाही. तुम्ही हे सांगताना एकदाही आवाज चढवला नाही, तेव्हा मला कळलं की ह्यामागं काहीतरी घडलेलं आहे. मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाही. आता ते कुणालाच कळणार नाही.

तुमची युक्ती अशी होती की सिलिकॉनमध्ये जी दुसरी द्रव्यं मिसळतात, ती सगळीकडं सारखी न मिसळता एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाढवत न्यायची. म्हणजे आत एक उतार तयार होईल आणि भार आपोआप दाराकडं घरंगळेल. करून बघायचं तर भट्ट्या हव्यात, यंत्रं हवीत. साताऱ्यात तुमच्या प्रयोगशाळेत एक चालू ऑसिलोस्कोप होता आणि तोही उन्हाळ्यात रुसायचा. तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी कॉम्प्युटरमध्ये बनवू. तिथं सिलिकॉन लागत नाही, आकडे लागतात, आणि आकडे मास्तरकडं लय.

कॉम्प्युटर मुंबईत. तुमचा फौजेतला एक दोस्त तिथल्या संस्थेत होता, त्यानं मशीन रिकामं असेल तेव्हा आपलं काम चालवून देईन असं कबूल केलं. जुन्या सामानातून दोन हातपंच मिळवलेत, एक तुम्हाला, एक मला. प्रोग्रॅमची एकेक ओळ म्हणजे एक कार्ड, आणि कार्डावरचं एकेक भोक हातानं पाडायचं. मी सांगलीत कॉलेज सुटल्यावर खटाखट भोकं पाडत बसायचो आणि गल्लीतले लोक बायकोला विचारायचे, सरांनी तिकिटं छापायला घेतली का. सगळी कार्डं क्रमानं लावून बुटांच्या खोक्यात भरायची, खोका दोरीनं बांधायचा आणि सकाळच्या सांगली-मुंबई एसटीत कंडक्टरच्या हवाली करायचा. मुंबईला तुमचा दोस्त उतरवून घ्यायचा.

आणि ती एसटी साताऱ्यावरून जाते.

दाजी, जगात कुठल्याही शास्त्रज्ञाचं काम चहापाण्यासाठी थांबलेल्या गाडीत कुणी बदलत नसेल. गाडी स्टँडवर लागली की तुम्ही हजर. कंडक्टरकडून खोका घ्यायचा, बाकावर बसायचं, दोरी सोडायची, माझी कार्डं काढायची, घरून पाडून आणलेली आपली घालायची, दोरी परत बांधायची. मला पत्ता नाही. एकदा निकाल आला तर सगळे आकडे उलटेपालटे. मी त्यांचं कारण शोधत बसलो, वह्या भरल्या, झोप उडाली, बायकोनं डॉक्टरांचं नाव काढलं. शेवटी तुम्ही सहज म्हणालात की तो तुझा डायोड न्हवताच, मी जाडी बदलली व्हती. मी विचारलं, सांगितलं का नाही? तुम्ही म्हणालात, गाडी सुटली.

गाडी सुटली, म्हणे. पोस्टाची पेटी साताऱ्यात नाही का?

तरी मी काम सोडलं नाही, ते का, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी वर्षानुवर्षं तेच त्रिकोण, तेच शंकूचे छेद शिकवत होतो. कुणी काही विचारायचं नाही आणि मलाही काही नवीन सुचायचं नाही. माझ्या गणितानं जगात एखादी गोष्ट लवकर बंद होईल किंवा उशिरा, हे मला तुमच्यामुळं पहिल्यांदा दिसलं. निकालाची वाट बघताना मी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचो. चाळिशी आलेला माणूस, पण परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी पोरं उभी राहतात तसा. त्याबद्दल तुमचे पाय धरावे असं अनेकदा वाटलं. पण पाय धरायला वाकावं तर तुम्ही तेवढ्यात माझं आणखी एक कार्ड बदललेलं असायचं.

मग आपला तो वाद लागला. तुमच्या हिशेबात तुम्ही उतार एकदा ठरवला होता आणि शेवटपर्यंत तो तसाच धरला होता. निकाल झकास आले. डायोड एका झटक्यात रिकामा. मी म्हणालो, हे खोटं आहे. तुम्ही मेंढरं काढलीत. मला ठाऊकच होतं की तुम्ही मेंढरं काढणार. म्हणालात, वाड्यातून मेंढरं सोडली की मधली रेंगाळत्यात, पर वाडा उतारावर घातला की सगळी आपसूक दाराकडं येत्यात. मी जतचा आहे, दाजी. माझाही बाप मेंढरांमागंच गेला. मेंढरांचं मला सांगू नका, असं मी त्या दिवशी म्हणालो आणि आजही म्हणतो. तुमची चूक तिथंच होती. रानात मेंढरं कितीही दाटली तरी जमीन हलत नाही. इथं तसं नाही. इथला उतार विजेचाच बनलेला आहे आणि मेंढरंही विजेचीच. गर्दी फार झाली की गर्दीच उतार सपाट करून टाकते. म्हणून दर क्षणाला उतार नव्यानं मोजायला हवा.

"जमीन कुटं हलतीया व्हय, मास्तर?" तुम्ही म्हणालात.

"हलते," मी म्हणालो. "इथं मेंढरंच जमीन आहेत."

तुम्ही हसलात. आक्का आतून म्हणाली, दोघंबी गप जेवा. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण तुम्ही बंगळुरूच्या एका प्रयोगशाळेला पत्र घातलंत की आमच्याकडं अशा अशा डायोडचा हिशेब तयार आहे, तुम्ही एक नमुना बनवून पाहाल का. त्यांचं उत्तर आलं, पाहू. खरं सांगतो, ते उत्तर मी उभ्या उभ्याच दोनदा वाचलं. सातारा आणि सांगलीच्या दोन मास्तरांची वस्तू, खरीखुरी, भट्टीतून निघणार. पण तुमचा प्रामाणिकपणा आडवा आला. तुम्ही त्यांना पुढच्या पत्रात कळवलंत की माझ्या मेव्हण्याला हा हिशेब मान्य नाही. असं कुणी कळवतं का? त्यांनी कळवलं, मग आधी दोघं एकमत करा आणि ज्यावर एकमत होईल तो हिशेब पाठवा, तोवर आम्ही थांबतो.

आणि तिथून आपण अडकलो. तुमचा स्विच बनणार की नाही, हे आता आपल्या दोघांपैकी कोण मान तुकवतो ह्यावर येऊन ठेपलं. मी तुमच्या हिशेबाला हो म्हणायला तयार नव्हतो, कारण तो चूक होता. तुम्ही माझ्या म्हणण्याला हो म्हणायला तयार नव्हतात, कारण ते मी म्हणत होतो. "करून दाव," एवढंच तुमचं उत्तर. "घोडामैदान जवळच हाय."

मी करून दाखवायला बसलो. दर क्षणाला उतार नव्यानं मोजणारा प्रोग्रॅम लिहिला. तो इतका लांबला की बुटांच्या खोक्यात मावेना, मोठा खोका आणला. मशीनचा वेळ आपल्याला मोजून मिळायचा, म्हणून मी विचार करून बेत केला. वेगवेगळ्या गर्दीचे तीन डायोड घ्यायचे आणि तिघांचाही फक्त सुरुवातीचा काळ चालवायचा. बहुतेक भार गेला की थांबायचं, असं तुम्हाला पत्रानं कळवलंही. उतार मोडतो हे तेवढ्यात सिद्ध होत होतं, आणि मला तेवढंच सिद्ध करायचं होतं. खोक्यावर सगळीकडून डिंकाची पट्टी मारली आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: दाजी, हात लावू नये. कंडक्टरलाही बजावलं. तो मान डोलावून हसला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

खोका मुंबईला पोहोचला आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून तार आली. तुम्ही आजारी तरी पडायचं. कॉलेजला जायच्या कपड्यांत, खुर्चीत बसल्या जागी गेलात, अशी कुणी जायची तऱ्हा असते का? मी तुमच्या अंगणात उभा होतो तेव्हा मला रडू येत नव्हतं. मला राग येत होता की आता निकाल येईल आणि मी तो कुणाच्या तोंडावर मारू.

तर तो निकाल आला. तीन डायोड पाठवले होते, कागदांवर एकच. माझे दोन तुम्ही काढून टाकले होते. थांबायची वेळ सांगणारं माझं कार्डही काढलं होतं आणि तुमचं घातलं होतं. मी चिडून कागदांची घडी पलंगावर फेकली. म्हटलं, माझा पुरावा साताऱ्याच्या स्टँडवर राहिला. हा माणूस हरणार हे ह्याला कळलं होतं, म्हणून त्यानं मैदानच उखडलं.

दुसऱ्या दिवशी मी शांत होऊन पहिल्या पानापासून वाचायला बसलो. आकडे लिहून घेताना मी कानडीत मोजतो, त्यावरून तुम्ही मला कायम चिडवायचात. तसाच मोजत मोजत पुढं गेलो. सुरुवातीची पानं माझ्या बाजूनं होती. गर्दी दाटलेली असताना उतार साफ सपाट झाला होता आणि भार मुंगीच्या पावलानं निघत होता, अगदी मी म्हणालो होतो तसा. मी जिंकलो होतो. जिथं मी थांबणार होतो ते पान आलं. पण कागद पुढं होतेच. तुम्ही काढलेल्या दोन डायोडांचा सगळा वेळ ह्या एकावर लावला होता आणि त्याला शेवटच्या कणापर्यंत चालवलं होतं. तिथं भार विरळ झाल्यावर उतार परत उभा राहिला होता. आणि मग जे शेवटचं उरतं, जे साध्या डायोडमध्ये रेंगाळत बसतं आणि ज्याच्यामुळं रडारचे कान उघडत नाहीत, ते एकदम साफ निघून गेलं. मी ते पान तीनदा पडताळलं. चूक नव्हती.

म्हणजे गर्दीत माझं खरं, आणि गर्दी सरल्यावर तुमचं. आणि स्विचला गरज असते ती गर्दी सरल्यानंतरचीच. सुरुवात जरा हळू झाली तर चालते, शेवट रेंगाळला तर चालत नाही. मी जिथं प्रोग्रॅम बंद करणार होतो, त्याच्या पलीकडं तुमचा अख्खा डायोड उभा होता. माझ्या पद्धतीनं चाललो असतो तर मी तुम्हाला चूक ठरवलं असतं आणि आपण दोघांनी मिळून ही वस्तू मारली असती. हे कळल्यावर मला तुमचा इतका राग आला, दाजी, की मी एकटाच खोलीत येरझाऱ्या घालत तुमच्याशी भांडलो. सांगता येत नव्हतं? एक ओळ लिहून खोक्यात टाकता येत नव्हती? आणि आता मी बंगळुरूला काय कळवू? दोघांचं एकमत हवं म्हणतात. एक जण नाही, आणि जाताना माझं बरोबर आहे असं एकदाही म्हणाला नाही.

तेराव्याला मी त्याच गाडीनं साताऱ्याला निघालो. तोच कंडक्टर. त्यानं टोपी काढली आणि माझ्याजवळ येऊन बसला. मी त्याला त्या दिवसाचं विचारलं. तुम्ही खोक्यावरचं वाचून हसलात, त्याला म्हणालात की मास्तर लय तापलाय, आणि चाकूनं पट्टी अशी कापलीत की अक्षरं फाटली नाहीत. त्या दिवशी काम मोठं होतं म्हणून गाडी थोडी थांबवायला सांगितलीत. प्रवासी कुरकुरले, पण साहेब म्हणाल्यावर कोण बोलणार, असं तो म्हणाला.

घरी पंगती उठल्या होत्या. आक्का भिंतीला टेकून बसली होती, समोर तुमचा गणवेशातला फोटो. मी तिच्याजवळ बसलो आणि कागद उघडून, तिला काय कळतंय न कळतंय ह्याचा विचार न करता, सगळं सांगत सुटलो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"मला म्हनलं व्हतं त्यांनी."

"काय?"

"खोका येनार व्हता त्याच्या आदल्या दिवशी. म्हनलं, मास्तरचं बरोबर हाय, गर्दीत उतार मोडतूया. पर गर्दी सरल्यावर काय व्हतंय, ते त्यानं सोताच्या डोळ्यानं बघाय पायजे. मी सांगितलं तर ऐकनार न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला काय कळलं न्हाई, पर ध्यानात ऱ्हायलं. तुज्या बाजूनं बोलताना मी त्यास्नी पयल्यांदा ऐकलं."

तुम्ही मान तुकवली होती. घरात, बायकोपुढं, माझ्या पाठीमागं. मला कळायच्या आत. मी त्या कागदांवर हात ठेवून बसलो आणि मला इतके दिवस न आलेलं रडू तिथं सगळ्यांच्या देखत आलं. आक्कानं मला रडू दिलं. पाव्हणे बाहेर चपला शोधत होते.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "आन् तुला? तुला त्यांचं पटलं का न्हाई?"

"पटलं," मी म्हणालो.

तिनं फोटोकडं बघितलं. "मग मोठ्यानं म्हन," ती म्हणाली. "तोफखान्याशेजारी ऱ्हाऊन त्यांचा डावा कान कवाच गेला व्हता."

मी उठून उभा राहिलो. ओसरीवरच्या माणसांनी वळून पाहिलं. मी मोठ्यानं म्हणालो, दाजी, मला पटलं.